वाचकांचे प्रश्न : मोठ्या छपाईयंत्रावर काम पाठवताना

झेरॉक्स कंपनीने १९७७ मध्ये बाजारात आणलेले ९७०० हे लेझर छपाईयंत्र मिनिटाला १२० पाने छापत असे, आणि त्याच कंपनीच्या १९९० मधल्या ‘डॉक्युटेक’ने तो आकडा १३५ वर नेला. वेग ही त्यामुळे आजची नवलाई नव्हे. फरक पडला आहे तो एवढाच, की पूर्वी मोठ्या संस्थांच्या संगणक विभागात जाणकार माणसाच्या देखरेखीखाली चालणारे असे यंत्र आता महाविद्यालयात, पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात किंवा साखर कारखान्याच्या प्रशासकीय इमारतीत येऊन बसले आहे, आणि त्यावर काम पाठवणारे दहाजण आपापल्या टेबलावरून, एकमेकांना न सांगता, बटण दाबत असतात. आलेल्या पत्रांतील बहुतेक गाऱ्हाणी यंत्राविषयी आहेत असे पत्रलेखकांना वाटते. मला त्यांतली बरीचशी काम पाठवण्याच्या रीतीविषयी वाटली, म्हणून या अंकात तेवढीच पत्रे घेतली आहेत. बटणांची नावे कंपनीगणिक बदलतात. जी सर्वाधिक रूढ आहेत ती इथे वापरली आहेत.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाने मिनिटाला शंभर पाने छापणारे यंत्र घेतले. चाळीस पानांच्या पाठपोट टिपणवहीच्या ३०० प्रती दोन तासांत होतील असा हिशेब केला होता, प्रत्यक्षात जवळजवळ दुप्पट वेळ लागला. मुखपृष्ठ जाड कागदावर होते, प्रत्येक प्रतीला पिन मारायची होती आणि काही पाने जुन्या पुस्तकांतून स्कॅन केलेली होती. यंत्र सदोष आहे का?
— एक प्राध्यापक, नाशिक

उत्तर : आपला हिशेब चुकीचा नाही, अपुरा आहे. चाळीस पाने आणि तीनशे प्रती म्हणजे बारा हजार छापे, आणि मिनिटाला शंभर या वेगाने त्यांना १२० मिनिटे लागतात हे खरे. परंतु माहितीपत्रकातला शंभर हा आकडा साध्या ए-४ कागदावर, एकाच ट्रेमधून, मध्ये न थांबता चाललेल्या छपाईचा असतो. तिथे ‘पान’ म्हणजे कागदाची एक बाजू, त्यामुळे पाठपोट छपाईत मिनिटाला पन्नासच कागद बाहेर पडतात. ए-३ आकारात वेग साधारण निम्म्यावर येतो. जाड कागदावर टोनर (छपाईची पूड) वितळून पक्का बसण्यासाठी जास्त उष्णता लागते, म्हणून यंत्र स्वतःहून चाल मंदावते.

आपल्या कामात हेच तीनशे वेळा घडले. प्रत्येक प्रतीच्या सुरुवातीला जाड मुखपृष्ठ एका ट्रेमधून आणि त्यामागून साधे कागद दुसऱ्या ट्रेमधून, असा क्रम असल्यामुळे यंत्राला दर प्रतीला आपली गती आणि तापमान बदलावे लागले, शिवाय पिन मारताना होणारा क्षणाचा खोळंबा वेगळाच. अशा कामात मुखपृष्ठे आधी एकगठ्ठा छापून घ्यावीत आणि यंत्राला इन्सर्टर जोडलेला असेल तर ती त्यात ठेवावीत. इन्सर्टरमधला कागद तापवण्याच्या भागातून जातच नाही, तो छापून आलेल्या पानांना पुढे जाऊन मिळतो, त्यामुळे आतल्या पानांची गती मोडत नाही. कागद भरण्याचाही हिशेब धरायला हवा होता: बारा हजार छापे म्हणजे सहा हजार कागद, म्हणजेच ५०० कागदांची बारा रिमे, आणि ट्रे रिकामा झाल्यावर तिथे माणूस नसेल तर यंत्र मुकाट उभे राहते.

तरीही माझा खरा संशय वेगळ्याच ठिकाणी आहे. आपण प्रतींची संख्या कुठे टाकली? वर्डसारख्या प्रोग्रॅममधून ३०० प्रती ‘कोलेट’सह (प्रत्येक प्रत पानांच्या क्रमाने वेगळी लावून) मागितल्या, तर काही वेळा तो प्रोग्रॅम तीच चाळीस पाने तीनशे वेळा यंत्राकडे पाठवतो, आणि यंत्राच्या कंट्रोलरला (यंत्राला जोडलेल्या, कामे सांभाळणाऱ्या संगणकाला) बारा हजार पाने नव्याने वाचून त्यांची ठिपक्यांची प्रतिमा तयार करत बसावे लागते. या प्रक्रियेला रिप म्हणतात. वास्तविक ती चाळीस पानांसाठी एकदाच व्हायला हवी. तयार प्रतिमा डिस्कवर ठेवून पुढच्या २९९ प्रती कंट्रोलरने तिथूनच काढाव्यात, यासाठीच तर तो असतो. ओळखण्याची खूण सोपी आहे: रांगेत त्या कामापुढे ४० पाने आणि ३०० प्रती असे दिसले तर ठीक, १२,००० पाने आणि १ प्रत असे दिसले तर काम चुकीच्या वाटेने आले आहे. पीडीएफ तयार करून ती कंट्रोलरच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमधून पाठवावी आणि प्रतींचा आकडा तिथेच भरावा.

स्कॅन केलेली पानेही वेळ खातात. ए-४ पान ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) रंगीत स्कॅन केले की जवळपास साडेतीन कोटी ठिपके होतात आणि संकोचन नसेल तर त्या एका पानाची माहिती शंभर मेगाबाइटच्या वर जाते. तेच पान निव्वळ काळे-पांढरे स्कॅन केले तर साडेचार मेगाबाइटमध्ये मावते. छापील मजकुराचे पिवळट पान रंगीत स्कॅन करून काही हाती लागत नाही, उलट कागदाचा पिवळेपणाही छापला जातो. पुढच्या खेपेस काम ‘प्रोसेसिंग’मध्ये किती वेळ होते आणि ‘प्रिंटिंग’मध्ये किती, याची नोंद रांगेच्या पडद्यावरून घ्या. पहिला आकडा मोठा असेल तर सेवा-अभियंत्याला बोलावून उपयोग नाही, फाइल सुधारायला हवी.

प्रश्न : प्रिंट मारल्यावर काही वेळ यंत्र हालतच नाही, म्हणून आमच्याकडे लोक पुन्हा पुन्हा बटण दाबतात आणि नंतर एकाच पत्रकाचे चार-चार गठ्ठे बाहेर पडतात. संगणकावरून काम रद्द केले तरी छपाई चालूच राहते. यावर उपाय काय?
— पतसंस्थेतील एक कर्मचारी, सांगली

उत्तर : आपल्या संगणकापासून कागदापर्यंत काम तीन ठिकाणी थांबू शकते: आपल्या संगणकाच्या स्पूलरमध्ये (पाठवलेल्या कामांच्या रांगेत), कार्यालयाचा वेगळा प्रिंट सर्व्हर असेल तर त्यावर, आणि शेवटी यंत्राच्या कंट्रोलरवर. एका ठिकाणाहून ते पुढे सरकले की मागच्या ठिकाणी ते पुसण्याला काही अर्थ उरत नाही. विंडोजच्या रांगेतून नाव नाहीसे झाले याचा अर्थ काम रद्द झाले असा नव्हे, बहुधा ते पूर्णपणे यंत्रात पोचले असाच असतो, आणि मग ते कंट्रोलरच्या रांगेतूनच काढावे लागते. ९१०० क्रमांकाच्या पोर्टवरून साधी जोडणी केलेली असेल तर माहिती नुसती ओतली जाते आणि पुढे तिचे काय झाले हे आपल्या संगणकाला फारसे कळत नाही. १९९० मध्ये लेखी नोंदवली गेलेली एलपीआर ही पद्धत त्याहून थोडी बरी. आयपीपी या पद्धतीत मात्र कामाची स्थिती विचारता येते आणि काम रद्दही करता येते, म्हणून यंत्राला ती चालत असेल तर आपल्या तंत्रज्ञाला तिचाच आग्रह धरावा.

पण जोडणी बदलून सवय सुटत नाही. माझे मत असे, की जिथे पाचाहून अधिक माणसे अशा यंत्रावर काम पाठवतात, तिथे कोणालाही थेट छपाईची मुभा असू नये. सर्व कामे ‘होल्ड’ रांगेत यावीत आणि यंत्रापाशी बसणाऱ्या एका व्यक्तीने ती पाहून सोडावीत. पहिल्या आठवड्यात यावर कुरकुर होते. पण तेच पत्रक चार वेळा आले आहे हे रांग पाहणाऱ्याच्या लगेच लक्षात येते आणि तीन गठ्ठे कागद वाचतात.

कंट्रोलर अनेक कंपन्यांच्या यंत्रांना जोडलेला ‘फायरी’ असेल (१९९१ मध्ये ईएफआय कंपनीने आणलेला हा कंट्रोलर २०२४ च्या अखेरीस एप्सनकडे गेला), तर त्याच्या ‘कमांड वर्कस्टेशन’ या सॉफ्टवेअरमध्ये काम सोडण्याचे चार मार्ग दिसतात आणि इतर कंपन्यांकडेही थोड्याफार फरकाने तेच असतात. ‘होल्ड’मध्ये फाइल जशी आली तशी पडून राहते. ‘प्रोसेस अँड होल्ड’मध्ये रिप होऊन काम तयार ठेवले जाते, त्यामुळे पानांची प्रतिमा पडद्यावर पाहता येते आणि बटण दाबताच छपाई सुरू होते, सकाळी नऊला लागणारे मोठे काम आदल्या संध्याकाळी असेच ठेवावे. ‘प्रिंट अँड होल्ड’मध्ये छापून झाल्यावरही रिप केलेली प्रत शिल्लक राहते, आणि दरमहा तेच अर्ज छापणाऱ्या पतसंस्थेला ती सोयीची आहे. नुसते ‘प्रिंट’ म्हणजे रांगेत नंबर आला की छपाई. कोणताही मार्ग घेतला तरी पन्नासपेक्षा जास्त प्रती असतील तर आधी एक प्रत काढून, ती हातात घेऊन, उलटी-सुलटी करून पाहावी. पाठपोट छपाईत मागचे पान डोके खाली करून आले आहे का, हे पडद्यावर पटकन कळत नाही.

प्रश्न : सभासदांना पाठवायचा वार्षिक अहवाल आमच्या संगणकावर व्यवस्थित दिसतो. यंत्रापाशी असलेल्या संगणकावरून छापला की काही ठिकाणी रफार भलत्या अक्षरावर जातो, काही ठिकाणी चौकोन येतात, आणि जुन्या फाइलींतील तक्त्यांच्या जागी तर इंग्रजी अक्षरांची नुसती गर्दी उमटते. यंत्र मराठी छापू शकत नाही, असे आम्हाला सांगण्यात आले.
— साखर कारखान्याच्या सभासद विभागातून, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : यंत्राला मराठीही येत नाही आणि इंग्रजीही. त्याला आकार दिले की ते आकार छापते. आपल्या फाइलीबरोबर ते आकार गेलेच नाहीत, ही अडचण आहे. मात्र आपल्या पत्रातील तीन तक्रारींची कारणे तीन आहेत आणि ती एकत्र केली तर उपाय सापडणार नाही.

आधी इंग्रजी अक्षरांची गर्दी. युनिकोड रूढ होण्यापूर्वीचे मराठी फॉन्ट, म्हणजे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे ‘श्रीलिपी’मधले किंवा सी-डॅकच्या ‘आयएसएम’बरोबर येणारे, देवनागरीचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर बसवत. फाइलीत प्रत्यक्षात साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच. तो विशिष्ट फॉन्ट असेपर्यंत ती मराठी दिसतात, आणि फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्यांचे मूळ रूप उघडे पडते. कारखाने, बँका आणि सरकारी कार्यालये यांच्याकडे अशा फाइलींचे ढीग आहेत. एकदाच छापायची असेल तर फॉन्ट असलेल्या मूळ संगणकावरच पीडीएफ करून घ्यावी. दरवर्षी लागणारे तक्ते असतील तर एकदाचे युनिकोडमध्ये रूपांतर करून, अंक आणि जोडाक्षरे डोळ्यांखालून घालून, जुनी फाइल बाजूला ठेवावी. दुसरे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळणारे लोक पुढच्या वार्षिक सभेच्या आधी पुन्हा याच ठिकाणी येतात.

चौकोन येतात ते फॉन्ट बदलला गेल्यामुळे. फाइलीत नाव एका फॉन्टचे असते, यंत्रापाशीच्या संगणकावर तो नसतो, त्याऐवजी घेतलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी आकारच नसतात, आणि रिकाम्या जागी चौकोन उभा राहतो. म्हणून वर्डची मूळ फाइल कधीही दुसऱ्या संगणकावर नेऊन छापू नये. चौकोन आले नाहीत तरी ओळी वेगळ्या जागी तुटतात आणि ४८ पानांचा अहवाल ४९ पानांचा होतो. पीडीएफ केल्यावर तिच्या गुणधर्मांत ‘फॉन्ट्स’ हा भाग उघडून प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ किंवा ‘एम्बेडेड सबसेट’ असे लिहिले आहे का, ते पाहावे. एका जरी नावापुढे तसे नसेल तर फाइल अपुरी आहे. काही फॉन्टांचा परवाना असे समाविष्ट करण्यास मनाई करतो, आणि अशा वेळी फॉन्टच बदललेला बरा. छापखान्यांसाठी ठरलेल्या पीडीएफ/एक्स या मानकांत सर्व फॉन्ट समाविष्ट असणे सक्तीचेच आहे, त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये पीडीएफ/एक्स-४ निवडण्याची सोय असेल तर ही तपासणी आपोआप होते.

रफाराचे दुखणे सूक्ष्म आहे. युनिकोडमध्ये ‘र’, हलन्त आणि पुढचे अक्षर असे तीन संकेत ओळीने साठवलेले असतात. त्यांतून रफार योग्य अक्षराच्या डोक्यावर चढवण्याचे काम मजकूर मांडणारे सॉफ्टवेअर करते. ते काम पीडीएफ होण्यापूर्वीच संपलेले असते. त्यामुळे रफार चुकला असेल तर तो मांडणीच्या वेळी चुकला. अहवाल इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये केला असेल तर परिच्छेदांना ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर लावला आहे का, हे मांडणी करणाऱ्याला विचारा. तो लावला नाही तर जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांट्या अशाच विस्कटतात. पडताळा घ्यायचा असेल तर मराठी फॉन्ट नसलेल्या एखाद्या मोबाइलवर किंवा संगणकावर तीच पीडीएफ उघडा. तिथे ती बिघडलेली दिसली तर दोष फाइलीचा. तिथे स्वच्छ दिसली आणि कागदावर मात्र बिघडली, तरच यंत्राकडे बोट दाखवा, आणि तातडी असेल तर ‘प्रिंट अ‍ॅज इमेज’ हा पर्याय वापरून वेळ निभावून न्या. संपूर्ण मजकूर रेषाकृतींत बदलून देण्याची सूचना आपल्याला कोणीतरी करीलच. शेवटचा उपाय म्हणून ती चालते, मात्र अक्षरे किंचित जाड होतात आणि एक काना चुकला तरी तो सुधारता येत नाही.

प्रश्न : थकबाकीदारांना पाठवायच्या दोन हजार नोटिसा मेल-मर्ज करून (एकाच मजकुरात प्रत्येकाचे नाव-पत्ता आपोआप भरून) एका फाइलीत पाठवल्या. प्रत्येक नोटीस तीन पानांची. पाठपोट छापताना एकाच्या तिसऱ्या पानामागे दुसऱ्याचे नाव आले, आणि पिन तर एकाही नोटिशीला लागली नाही.
— वसुली विभाग, सोलापूर

उत्तर : आपल्या लेखी त्या दोन हजार नोटिसा होत्या, यंत्राच्या लेखी सहा हजार पानांचा एक दस्तऐवज. चौथे पान तिसऱ्याच्या पाठीवर छापणे ही त्याची बाजू बरोबरच होती. सहा हजार पानांना एक पिन लागणार नाही म्हणून त्याने पिनेचा विषयच सोडून दिला.

मोठ्या यंत्रांच्या कंट्रोलरमध्ये अशा कामासाठी ‘सबसेट फिनिशिंग’ किंवा नोंदीची लांबी सांगण्याची सोय असते: दर तीन पानांचा एक संच, प्रत्येक संच नव्या कागदावर सुरू, प्रत्येक संचाला एक पिन. ती सोय नसेल तर नोटिशीचा नमुनाच चार पानांचा करा आणि चौथे पान कोरे ठेवा, म्हणजे पाठपोटाची अडचण मिटते. पिन मग हाताने. नोटिसा कमी-अधिक पानांच्या असतील तर लांबीनुसार तीन-चार फाइली करून प्रत्येक फाइलीला तिचा आकडा द्यावा. दोन हजारांची फाइल सोडण्याआधी पहिल्या पाच आणि शेवटच्या पाच नोटिसा छापून पाहा. शेवटच्या यासाठी, की मध्येच कुठे एखादा लांबलचक पत्ता पान वाढवून गेला असेल तर त्यापुढचा प्रत्येक संच एका पानाने सरकतो, आणि ते पहिल्या पाचांत कधीच दिसत नाही. थकबाकीची नोटीस भलत्याच्या घरी जाणे हा केवळ कागदाचा अपव्यय नव्हे, हे आपणास सांगायला नको.

प्रश्न : आमची बहुतेक छपाई काळी-पांढरी असते, तरी महिन्याच्या बिलात रंगीत पानांचा आकडा मोठा येतो.
— एका शिक्षणसंस्थेचे लेखापाल, पुणे

उत्तर : क्लिक चार्जच्या, म्हणजे दर पानामागे पैसे आकारण्याच्या, करारात पानावर रंगाचा एक ठिपका असला तरी ते सामान्यतः रंगीत मोजले जाते. पत्रकाच्या माथ्यावरील संस्थेचे बोधचिन्ह, ई-मेल पत्त्याखाली आपोआप उमटणारी निळी रेघ, रंगीत स्कॅन केलेला करडा शिक्का, शीर्षकाला कोणीतरी हौसेने दिलेला गर्द निळा रंग जो डोळ्यांना काळाच भासतो: रंगीत पाने वाढतात ती अशी. काळे-पांढरे हवे असेल तर ते ड्रायव्हरमध्ये (संगणकावरून यंत्राला काम पाठवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) मूळ निवड म्हणूनच ठरवून ठेवावे आणि रंगीत छपाई मागावी लागावी, अशी रचना करावी. रांगेत थांबलेल्या कामाचा रंगही सोडण्यापूर्वी बदलता येतो. कंट्रोलर प्रत्येक कामाची नोंद ठेवतो. ती तक्त्याच्या स्वरूपात काढून विभागवार लावली की बिलावरचा वाद एका बैठकीत संपतो. ए-३ चे एक पान दोन क्लिक धरले जाते का, हे करारात वाचून घ्या, कारण अनेक करारांत तसे असते.

प्रश्न : परीक्षेच्या दिवशी ऑनलाइन आलेली प्रश्नपत्रिका आम्ही तासाभरात छापतो. यंत्रावर पिन-क्रमांक टाकल्याशिवाय छपाई होत नाही. एवढी काळजी पुरेशी आहे का?
— परीक्षा विभाग, मुंबई

उत्तर : पिन-क्रमांकामुळे कागद बेवारस पडून राहत नाहीत, एवढेच साधते. फाइलीच्या प्रती मात्र इतरत्र उरतात: डाउनलोड केलेल्या संगणकावर, आणि ‘छापून झालेली कामे’ या रांगेत, जिथून अनेक कंट्रोलरांवर शेवटची काही कामे पुन्हा छापता येतात. ही रांग त्या दिवसापुरती बंद करावी किंवा काम संपताच रिकामी करावी. रांगेत कामाचे नाव आणि कधी कधी पहिल्या पानाचे छोटे चित्रही दिसते. ज्याच्या संगणकावर ते सॉफ्टवेअर आहे त्या प्रत्येकाला दिसते. म्हणून फाइलीच्या नावात विषय लिहू नये आणि छपाईच्या वेळेपुरता इतरांचा प्रवेश काढून घ्यावा.

कागद अडकतो तेव्हाचा धोका सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. यंत्रात अडकलेली आणि बाजूच्या ट्रेमध्ये टाकून दिलेली पाने यंत्र पुन्हा छापते, म्हणजे मागितलेल्या प्रतींपेक्षा काही पाने जास्त झालेली असतात, आणि तीच कचऱ्याच्या टोपलीतून बाहेर जातात. अडकलेला प्रत्येक कागद मोजून, प्रश्नपत्रिकांच्याच पाकिटात सीलबंद करावा.

यंत्राच्या हार्ड डिस्कचाही विचार करा, विशेषतः यंत्र भाडेकराराने असेल तर. अमेरिकेतील ‘अफिनिटी हेल्थ प्लॅन’ या आरोग्यविमा संस्थेने भाड्याची कॉपियर यंत्रे डिस्क न पुसता परत केली, त्यांवर रुग्णांची माहिती आढळली आणि २०१३ मध्ये त्या संस्थेला बारा लाख डॉलरहून अधिक रक्कम भरून प्रकरण मिटवावे लागले. डिस्कवरील माहिती कूटबद्ध ठेवण्याची आणि काम झाल्यावर तिच्यावर पुनर्लेखन करण्याची सोय आपल्या यंत्रात चालू आहे का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे, आणि यंत्र परत जाताना डिस्कचे काय होणार हे करारातच असावे.

प्रश्न : सगळी कामे नीट चाललेली असताना एखादे काम मध्येच अडते आणि त्यामागची दहा कामे खोळंबतात. तातडीचे काम मग कसे काढावे?
— नगरपरिषदेतील एक लिपिक, सातारा जिल्हा

उत्तर : ते काम बहुतेक वेळा यंत्रात नसलेला कागद मागत असते. कोणीतरी अमेरिकी ‘लेटर’ आकाराची फाइल पाठवलेली असते. परदेशी संकेतस्थळावरून उतरवलेल्या पीडीएफ हमखास त्या आकाराच्या असतात, आणि लेटर हा ए-४ पेक्षा सहा मिलिमीटर रुंद आणि अठरा मिलिमीटर आखूड असतो. यंत्र तो कागद भरला जाण्याची वाट पाहत राहते. अशा कामाला बाजूला सारून पुढचे काम घ्यावे, ही निवड अनेक कंट्रोलरांत करता येते. सेवा-अभियंता पुढच्या वेळी आला की ती चालू करून घ्या. लेटरचे ए-४ मध्ये आपोआप रूपांतर करण्याचा पर्याय ड्रायव्हरमध्येही असतो. तातडीच्या कामासाठी ‘प्रिंट नेक्स्ट’ वापरावे, म्हणजे चालू काम पुरे होऊन ते पुढे येते. ‘इंटरप्ट’ने चालू काम मध्येच थांबते आणि पिना किंवा घड्या चालू असतील तर त्या कामाचे अर्धवट संच हाती येतात, नगराध्यक्षांचे पत्र असले तरी दहा मिनिटे थांबायला सांगण्याचे धैर्य ठेवावे.

प्रश्न : मध्यभागी पिन असलेली पुस्तिका छापताना पाने उलटसुलट लागतात.
— एक वाचक, पणजी

उत्तर : दोनदा जुळणी झाली आहे. पाने पुस्तिकेच्या क्रमाने लावण्याचे काम फाइल करणाऱ्याने आधीच केले असेल आणि यंत्रावरही ‘बुकलेट’ निवडले असेल तर असेच होते. यंत्राला नेहमी १, २, ३ अशा सरळ क्रमाची, एकेका पानाची फाइल द्यावी. पानसंख्या चारने भागली जायला हवी, नाहीतर कोरी पाने शेवटी येतात आणि मलपृष्ठ आत जाते. पाने साठाच्या पुढे गेली की आतले कागद बाहेर सरकून कडेचा समास खातात. कंट्रोलरमध्ये ‘क्रीप’ची दुरुस्ती असते, ती लावावी, किंवा सरळ चिकट बांधणीकडे वळावे.

प्रश्न : पावसाळ्यात कागद फार अडकतो. ट्रेची सेटिंग बदलावी का?
— एक कार्यालय अधीक्षक, रत्नागिरी

उत्तर : आधी सेटिंग खरी आहे का ते पाहा. ट्रेमध्ये १०० जीएसएमचा (चौरस मीटरला १०० ग्रॅम वजनाचा) कागद भरून पडद्यावर ७५ ठेवलेले असेल तर बाराही महिने त्रास होईल. कोकणातल्या हवेत उघडे रिम रात्रभरात ओल धरते, कडा लाटांसारख्या होतात आणि दुसऱ्या बाजूची छपाई होताना, एकदा तापून गेलेला कागद वळून अडकतो. लागेल तेवढेच रिम फोडावे, उरलेला कागद त्याच्याच मेणकागदी वेष्टनात गुंडाळून ठेवावा, रात्री ट्रेमध्ये कागद ठेवू नये किंवा ट्रेला हीटर असेल तर तो रात्रीही चालू राहील असे पाहावे. वेष्टनावर बाण असेल तर ती बाजू आधी छापली जाईल असा कागद भरावा. मोठे काम जून ते सप्टेंबरमध्ये आलेच, तर कागद दोन दिवस आधी यंत्राच्याच खोलीत, बंद वेष्टनात, भिंतीपासून दूर आणि जमिनीपासून वर फळीवर आणून ठेवा.